स्प्रिंग कडक केल्यानं पिस्तुलाचा झटका जातो का?

बेळगावच्या खानापूर तालुक्यातला एक मुलगा निमलष्करी दलात आहे. नुकताच तो बटालियनच्या कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, आर्मररच्या (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याच्या) हाताखाली लागलाय. त्यानं विचारलंय: 'काका, आमच्याकडची नऊ एमएम वन-ए पिस्तुलं फार झटका देतात अशी जवानांची तक्रार आहे. गोळ्या खाली आणि डावीकडं जातात. जुन्या पिस्तुलांची स्लाइड (नळीवरचा मागं-पुढं सरकणारा भाग) मागं आपटल्यासारखी वाटते. अमेरिकेतले लोक जादा ताकदीची रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला मागं जाताना अडवून पुढं आणणारी) घालतात असं व्हिडिओत पाहिलं. तसं केलं तर झटका कमी होईल का, भाग कमी झिजतील का? आणि कुठला भाग कधी बदलायचा हे ओळखायचं कसं?'

बाळा, सरकारी हत्यारात मंजूर नसलेली स्प्रिंग घालायचा अधिकार तुला नाही, तुझ्या आर्मररलाही नाही. पण तेवढं सांगून मी थांबणार नाही, कारण नियम नसता तरी माझं उत्तर हेच असतं. कडक स्प्रिंग झटका खात नाही. मागचा मार थोडा कमी करते आणि पुढचा वाढवते. हे नीट समजून घेतलंस तर तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुला त्यातच सापडतील.

आधी झटका म्हणजे काय ते बघ. गोळी पुढं जाते तेवढाच रेटा पिस्तुलाला मागं बसतो. आपली नऊ एमएमची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची असते आणि पिस्तुलाच्या नळीतून सेकंदाला पावणेचारशे मीटरच्या आसपास वेगानं निघते. वजन किलोत धरून वजन गुणिले वेग केलं की साधारण २.८ येतात. त्यात जळलेल्या दारूच्या वायूचा वाटा थोडा मिळव. हा आकडा काडतूस भरतानाच ठरलेला असतो. तू आत सतरा पौंडांची स्प्रिंग घाल नाहीतर पंचवीसची, हाताला मिळणारा एकूण रेटा तेवढाच. स्प्रिंग फक्त तो रेटा किती वेळात आणि कुठल्या टप्प्यानं हातात पोचेल हे ठरवते.

हे पिस्तूल कुठून आलं तेही माहीत असू दे. पिस्तुलाचा आराखडा करणारा अमेरिकी जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये बेल्जियममध्ये वारला, तेव्हा आराखडा अर्धवट होता. तो एफएन कारखान्यातल्या द्युदोने सेव्ह यानं पुरा केला आणि १९३५ मध्ये हाय-पॉवर बाजारात आलं. आपलं वन-ए म्हणजे त्याचंच इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं भावंड. आपल्याकडची टू-झेड जातीची गोळी स्टेन, स्टर्लिंगसारख्या कार्बाइनांच्या गरजेतून आलेली आहे. कार्बाइनचं ब्रीच (पुंगळीला मागून धरणारा भाग) जड असतं, त्याला ती गोळी सहज झेपते. तीच गोळी पिस्तुलात घातली की पिस्तुलाला रोज जरा जादा ओझं उचलावं लागतं. म्हणून आपल्या कोतमधल्या पिस्तुलांची झीज बाहेरच्या पुस्तकांतल्या फैरींच्या आकड्यांशी जुळेलच असं धरू नकोस.

आता आत काय होतं ते. फैर झाली की बॅरल (नळी) आणि स्लाइड वरच्या खाचांत एकमेकांना पकडून थोडं अंतर एकत्र मागं येतात. तोवर गोळी नळीतून निघून गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो. मग बॅरलच्या खालचा तिरपा खाचा (कॅम) फ्रेममधल्या, म्हणजे मुठीसकटच्या सांगाड्यातल्या, आडव्या पट्टीवर घसरतो, बॅरलची मागची बाजू खाली बसते, पकड सुटते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. तिला तीन गोष्टी अडवतात: रिकॉइल स्प्रिंग, हॅमर (फायरिंग पिनवर घाव घालणारा घोडा) मागं ढकलायला लागणारा जोर, आणि शेवटी फ्रेम. बरेचजण पहिलीच धरून बसतात. खरं तर स्लाइडच्या ऊर्जेतला एक हिस्साच रिकॉइल स्प्रिंग पोटात घेते. तीन-चार पौंड वाढवून त्यात फार फरक पडत नाही.

हॅमरच्या स्प्रिंगचं महत्त्व मी इथं मुद्दाम सांगतो. स्लाइड उघडायला लागते नेमक्या त्याच वेळी तिला हॅमर उलटा ढकलावा लागतो, म्हणजे सुरुवातीचा, सर्वांत मोलाचा अडसर तोच. ट्रिगर हलका व्हावा म्हणून ही स्प्रिंग कापलेली पिस्तुलं मी हाताळली आहेत. स्प्रिंगचे दोन वेढे काढले की ट्रिगर हलका लागतो खरा, पण स्लाइड जोरात उघडते, फ्रेमवरचा मार वाढतो आणि कॅपवर (काडतुसाच्या बुडाच्या पेटणाऱ्या टोपीवर) फायरिंग पिनचा घाव उथळ पडून फैर चुकायला लागते. 'स्लाइड आपटते' अशी तक्रार आली की रिकॉइल स्प्रिंगकडं जाण्याआधी हॅमर स्प्रिंग मूळची आहे का ते तपास.

मग कडक रिकॉइल स्प्रिंगनं होतं काय? स्लाइड मागं थोडी हळू येते, हे कबूल. पण जी ताकद स्प्रिंगनं दाबून घेतली ती ती परत देते. स्लाइड पुढं जास्त वेगानं धावते आणि बॅरलला घेऊन बंद होते, तेव्हा तो मार बॅरलच्या खालच्या पायावर, कॅमवर आणि स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागं रोखून धरणाऱ्या खटक्याच्या) पिनवर बसतो. आपल्या भागातल्या उसाच्या ट्रकवाल्यांना हे बरोबर कळेल: जादा पाटा घातला की भरलेल्या गाडीचा तळ टेकत नाही, पण रिकामी गाडी खड्ड्यागणिक चासी हादरवते. शिवाय स्लाइड लवकर परतली की मॅगझीनच्या स्प्रिंगला पुढचं काडतूस वर आणायला वेळ पुरत नाही, आणि फैर अडकते. नेमबाजाला आणखी एक जाणवतं. स्लाइड बंद होताना नळीचं तोंड खाली बुचकळतं आणि दुसऱ्या गोळीची शिस्त मोडते. झटका कमी व्हावा म्हणून स्प्रिंग बदललेला माणूस दुसऱ्या गोळीला आधीपेक्षा जास्त वेळ घेऊ शकतो.

व्हिडिओत तू पाहिलंस ते बहुधा दहा एमएमच्या पिस्तुलांबद्दल असणार, आणि तिथली गोष्ट वेगळी आहे. १९८३ च्या सुमाराला ब्रेन टेन नावाच्या पिस्तुलाबरोबर हे काडतूस आलं. नॉर्मा कंपनीची पहिली गोळी जवळजवळ १३ ग्रॅमची आणि वेग सेकंदाला ३६५ मीटरच्या आसपास. गुणाकार कर, पावणेपाच येतात, आपल्या २.८ च्या दीडपटीहून जास्त. पिस्तुलाचं वजन तेवढंच धरलं तर झटक्याची ऊर्जा जवळजवळ तिप्पट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. १९८७ मध्ये कोल्टनं आपल्या जुन्या १९११ नावाच्या मॉडेलच्या चौकटीतच हे काडतूस बसवून डेल्टा एलिट काढलं. त्यातल्या काही फ्रेमना स्लाइड स्टॉपच्या वरच्या अरुंद पट्टीत तडे गेले. पुढं कोल्टनं ती पट्टीच कापून टाकली, कारण तिथला धातू काही भार पेलत नव्हता, फक्त तुटत होता.

एफबीआयचा अनुभवही तसाच. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर त्यांनी दहा एमएमकडं मोर्चा वळवला, पण पूर्ण ताकदीची गोळी सगळ्यांच्या हाताला झेपेना, म्हणून कमी भरलेली गोळी ठरवली. कमी दारूला एवढी लांब पुंगळी कशाला, असं म्हणून १९९० मध्ये स्मिथ अँड वेसननं पॉइंट चाळीसचं आखूड काडतूस आणलं. तेच काडतूस हाय-पॉवरमध्ये घालताना एफएननं नुसती स्प्रिंग वाढवली नाही. स्लाइड जड केली, फ्रेम मजबूत केली आणि त्यांच्या जोडीला स्प्रिंगही कडक दिली. काडतूस बदललं तर सगळं हत्यार बदलावं लागतं, हे ज्या कारखान्यानं हे पिस्तूल बनवलं त्यालाच ठाऊक होतं. व्हिडिओतले लोक तेवीस-चोवीस पौंडांच्या स्प्रिंगा घालतात त्या दहा एमएमच्या काडतुसासाठी. आपल्या वन-एला साधारण सतरा पौंडांची मूळ स्प्रिंग पुरते, फक्त ती जिवंत असायला हवी.

रबराच्या किंवा प्लास्टिकच्या चकत्यांचंही तसंच. मागचा मार मऊ करायला गाइडवर (स्प्रिंगच्या आतल्या दांड्यावर) त्या घालतात. स्लाइडचा प्रवास त्यानं थोडा कमी होतो आणि चकती कुजली की तिचे तुकडे आत अडकतात. कागदावर नेम मारणाऱ्यानं हौस करावी. कर्तव्यावरच्या हत्यारात नको.

आता जवानांच्या तक्रारीकडं येतो. खाली आणि डावीकडं जाणाऱ्या गोळ्या हा झटक्याचा परिणाम नव्हे. उजव्या हाताचा जवान झटक्याची वाट बघत आधीच मूठ आवळतो आणि मनगट खाली दाबतो, त्याची ती खूण. गोळी निघून जाईपर्यंत पिस्तूल वर उठतच नाही म्हटलं तरी चालेल, नळीचं तोंड आधी खाली गेलेलं असतं. हे सिद्ध करायला मॅगझीनमध्ये खऱ्या काडतुसांमध्ये ड्रिल काडतुसं (दारू नसलेली, सरावाची) मिसळून दे, कुठलं कुठं आहे ते जवानाला न सांगता. ड्रिल काडतुसावर ट्रिगर दाबला की पिस्तूल कसं बुचकळतं ते तो स्वतःच बघेल. त्या क्षणाला त्याला रागावू नकोस, हसू तर अजिबात नकोस. बहुतेक जण तिथंच सुधारायला लागतात.

पकड शिकवताना मी तीन गोष्टींवर अडून बसायचो. अंगठा आणि तर्जनीमधली खाच जितकी वर जाईल तितकी वर, अगदी मागच्या शेपटाखाली घट्ट. नळी हाताच्या जितकी वर असेल तितकं पिस्तूल जास्त उसळतं, त्यामुळं दोन्हींतलं अंतर कमी ठेवायचं. मात्र या पिस्तुलात हॅमर मागं येताना हाताची ती खाच चावतो, मोठ्या हाताच्या माणसाला रक्तही येतं. त्या भीतीनं जवान हात खाली सरकवतो आणि झटका आणखी वाढवून घेतो. ज्याला चावतो त्याला मोजकं खाली घेऊ दे, पण सगळ्यांना तीच सवय लावू नकोस. दुसरी गोष्ट डावा हात. पिस्तूल धरण्याचं निम्म्याहून जास्त काम डाव्या हाताचं, उजवा हात ट्रिगरसाठी मोकळा राहिला पाहिजे. तिसरी मनगट. कोपर थोडं वाकलेलं चालेल, मनगट ढिलं चालणार नाही. ढिल्या मनगटानं फ्रेमच स्लाइडबरोबर मागं पळते, स्लाइडचा प्रवास पुरा होत नाही आणि पुंगळी अडकते. अशा वेळी कोतला पिस्तूल 'खराब' म्हणून परत येतं. ते आलं की आधी दुसऱ्याच्या हातात देऊन फायर करून बघ, मग खोल.

आपला भाग माणसाला हत्याराची काळजी घ्यायला शिकवतो, कारण काही तासांच्या अंतरावर हवा पार बदलते. तुझ्या खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं, चोरल्याकडच्या गावांत चार महिने काही सुकत नाही. तिथं कातडी होल्स्टरमध्ये पिस्तूल ठेवणं म्हणजे गंज पोसणं, कातडं ओल धरून बसतं. रात्री होल्स्टर वेगळं, पिस्तूल तेलाच्या हातानं पुसून वेगळं. उलट अथणी-रायबागच्या बाजूला उन्हाळ्यात काळ्या मातीची पीठासारखी धूळ उडते. तिथं जास्त तेल लावलंस तर ते धूळ ओढून घेतं आणि रेल्सवर (स्लाइड ज्यांवरून सरकते त्या कडांवर) चक्क घासकाम सुरू होतं. म्हणून ओल्या मुलखात बाहेरून तेलाचा पातळ थर, धुळीच्या मुलखात फक्त घासणाऱ्या जागांना एक एक थेंब: रेल्स, बॅरलची वरची बाजू आणि खाचा, खालचा कॅम, हॅमरची पिन. फायरिंग पिनच्या भोकात आणि मॅगझीनच्या आत तेल कुठल्याच मुलखात नको. कॅपपर्यंत तेल पोचलं तर काडतूस मेलं समज.

झीज कशी ओळखायची? हत्यार रिकामं केलंस, मॅगझीन काढलंस, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासलंस, मग खोल. एवढं माहीत आहेच तुला, तरी लिहितो, कारण या कामात सवयीच्या माणसाकडूनच अपघात होतात.

रिकॉइल स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी कर. नवी स्प्रिंग पहिल्या काही फैरींत थोडी बसते, ते साहजिक आहे. त्यानंतर दोन-तीन वेढ्यांइतकी आखूड झाली किंवा एकीकडं वाकली की ती गेली. स्लाइड हातानं सावकाश पुढं सोडून बघ, शेवटच्या टप्प्यात अडखळत असेल आणि रेल्स स्वच्छ असतील, तर स्प्रिंग दमलीय. फायरिंगला पुंगळ्या नेहमीपेक्षा दूर फेकल्या जात असतील तर तीही तीच खूण. मी स्वतः तीन ते पाच हजार फैरींच्या दरम्यान स्प्रिंग बदलण्याच्या मताचा आहे, आणि आपल्या जोरदार गोळीला तीन हजारांच्याच बाजूला झुकतो. या पिस्तुलातला सगळ्यांत स्वस्त भाग तो, आणि तो वेळेवर बदलला की बाकीचे महाग भाग वाचतात. स्प्रिंग दाबून ठेवल्यानं मरत नाही, दाबली-सोडली जाते त्या फेऱ्यांनी मरते. मॅगझीनचंही तसंच. भरून ठेवलेल्या मॅगझीनची काळजी करण्यापेक्षा तिचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) पसरलेत का ते बघ. जमिनीवर पडणाऱ्या मॅगझीनचे ओठ आधी जातात, स्प्रिंग मागाहून.

बॅरलच्या वरच्या खाचांच्या पुढच्या कडा पुसून उजेडात तिरप्या धर. कड चमकदार पण टोकदार असेल तर ठीक. कड गोल होऊन धातू बाहेर आला असेल, आपले बेळगावच्या उद्यमबागेतले कारागीर ज्याला बर म्हणतात तशी, तर बॅरल आणि स्लाइडची पकड नीट बसत नाही. तिथं कानस लावायचा मोह होईल, लावू नकोस. कानशीनं बर जाते, पण खाचेचं माप बदलतं. ते हत्यार सरळ वर्कशॉपला. बॅरलच्या खालच्या कॅमच्या कोपऱ्यात आणि स्लाइड स्टॉपच्या खाचेच्या कोपऱ्यात केसाएवढा तडा शोध. तडा नेहमी कोपऱ्यातून निघतो, सपाट जागेतून क्वचित. डोळ्यांना दिसला नाही तर जुनी युक्ती: भाग रॉकेलमध्ये बुडव, कोरडा पुस, त्यावर खडूची पूड भुरभुरव आणि थोडा वेळ ठेव. तड्यात शिरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर बारीक ओली रेघ काढतं. अशी रेघ दिसली की त्या पिस्तुलातून पुढची एकही फैर नाही. तडा गेलेला भाग अजून किती टिकेल हा हिशेब कोतमध्ये बसून कुणी करायचा नाही.

एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखीखाली कार्बन साचून ती पुरी बसत नाही, त्याला बरेचजण स्प्रिंग कमजोर म्हणतात. आधी काडीनं साफ कर. फायरिंग पिनचं टोक गोल आणि गुळगुळीत हवं. खड्डे पडले असतील तर कॅप फुटून वायू मागं येतो. पुंगळ्याही वाचायला शीक. कॅपच्या कडा सपाट पसरलेल्या, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) खोल ठसा, अशा पुंगळ्या एकाच लॉटच्या असतील तर दोष काडतुसाचा, एकाच पिस्तुलाच्या असतील तर पिस्तुलाचा. म्हणून पुंगळ्या गोळा करताना ढिगात टाकू नकोस, पिस्तुलाच्या नंबराप्रमाणं वेगळ्या ठेव.

आपल्या भागातले निवृत्त जवान परवान्यावर पॉइंट बत्तीसचं पिस्तूल बाळगतात. त्यांतली बरीच पिस्तुलं बॅरल-स्लाइडची पकड नसलेली, ब्लोबॅक असतात. तिथं स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यांवरच सगळा भार, म्हणून त्यांची स्प्रिंग दमली की फ्रेमवरचा मार लगेच वाढतो. तुझे काका-मामा कुणी विचारायला आले तर त्यांना स्प्रिंग बदलायला परवानाधारक दुकानातच पाठव.

तुझ्या बटालियनमध्ये प्रत्येक पिस्तुलाच्या फैरींची नोंद होत असेलच, पण ती बहुतेकदा काडतुसांच्या हिशेबासाठी असते. तू हिस्ट्री शीटमध्ये दर फायरिंगनंतर तीन गोष्टी लिही: एकूण फैरी, शेवटची स्प्रिंग कुठल्या फैरीला बदलली, आणि काही अडकलं असेल तर कुठल्या मॅगझीननं. मॅगझीनवर रंगानं नंबर घाल, नाहीतर तिसरी नोंद निरर्थक आहे. वर्षभरात तुला दिसेल की निम्म्या तक्रारी दोन-तीन मॅगझीनांच्या आणि चार-पाच हातांच्या असतात. ते वगळून जी पिस्तुलं उरतील, त्यांच्या नंबरांची यादी आणि स्प्रिंगांची मागणी एकत्र करून आर्मररच्या सहीनं वर पाठव.